आय ट्रॅकिंगचा पहिला प्रयोग करायचाय? मग आधी हे वाचा

आय ट्रॅकर, म्हणजे आपली नजर कुठे आहे ते नोंदवणारं मशीन, त्याच्यासमोर पहिल्यांदा बसलं की सगळे जण एकच करतात, मीही तेच केलं होतं. मशीन चालू केलं, स्क्रीनवर एक फोटो टाकला आणि आपली नजर लाल ठिपका होऊन इकडेतिकडे पळताना बघत तासभर नुसती मजा घेतली. मग दहाबारा जणांना बसवलं, त्यांच्या नजरा रेकॉर्ड केल्या, झकास रंगीत हीटमॅप (जिथे जास्त बघितलं तिथे गडद रंग) काढले आणि गाइडसमोर ठेवले. त्यांनी एकच विचारलं, "यातून तुला कळलं काय?" मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने गेले पाण्यात.

तर तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. मानसशास्त्राची तोंडओळख आहे पण डोळ्यांच्या हालचालींवर कधी काम केलेलं नाही, अशांसाठी आहे. ज्यांना सगळं येतं त्यांनी सरळ कॅलिब्रेशनवर (मशीन समोरच्याच्या डोळ्यांशी जुळवून घेणं, पायरी ६) उडी मारा, तिथे बहुधा तुमचंही काहीतरी चुकत असेल.

पायरी १: मशीन राहू द्या, आरसा घ्या

आरशासमोर उभे राहा. आपल्याच डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार. शेजारी कुणाला तरी उभं करा, त्याला मात्र छान दिसतात. या उडीला सॅकेड म्हणतात, आणि ती चालू असताना मेंदू आपलं बघणं बऱ्यापैकी दाबून टाकतो, याचं नाव सॅकेडिक सप्रेशन. हेच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करून बघा, तिथे डोळे हललेले दिसतात, कारण कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर किंचित उशिरा येतं आणि तोवर तुमची उडी संपलेली असते.

आता छापील मजकुराचा एक कागद घ्या, मधोमध पेन्सिलीने छोटंसं भोक पाडा, मित्राला तो वाचायला द्या आणि मागून भोकातून त्याचे डोळे बघा. जुनी युक्ती आहे पण आजही तितकीच भारी. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून घसरगुंडीसारखी जाते, प्रत्यक्षात ती टुणटुण उड्या मारते, थांबते, उडी मारते, थांबते, आणि मधेच मागे जाते. मागे जाणं म्हणजे वाचता येत नाही असं समजू नका, चांगल्या वाचकाच्याही साधारण १० ते १५ टक्के उड्या मागे असतात.

तिसरं, खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नजर सावकाश सरकवून बघा. जमणारच नाही, डोळे उड्याच मारतील. मग स्वतःचं बोट हळूहळू सरकवा आणि त्याच्यामागे नजर न्या, आता डोळे अगदी मऊ सरकतात. याला स्मूथ परस्यूट म्हणतात आणि त्याला पाठलाग करायला काहीतरी हलणारं लागतं.

एवढं केलंत की पुस्तकातले आकडे डोक्यात बसतात. जागेपणी आपण सेकंदाला तीनेक उड्या मारतो. दोन उड्यांमधल्या थांब्याला फिक्सेशन म्हणतात, वाचताना तो सरासरी २०० ते २५० मिलीसेकंदांचा, चित्र बघताना ३०० च्या आसपास. वाचतानाची उडी स्वतः फक्त २० ते ३५ मिलीसेकंदांची असते, आणि नवी माहिती जी काय मिळते ती थांब्यातच. एवढी धावपळ कशासाठी, तर हात लांब करून अंगठा धरला की त्याची रुंदी साधारण २ अंश भरते, आणि एकदम स्पष्ट दिसणारा भाग तेवढाच. बाकी सगळं धूसर. पुसट कडेकडून अंदाज घ्यायचा आणि अंगठ्याएवढी खिडकी पुढच्या जागी नेऊन टाकायची, दिवसभर हेच चालतं.

जाता जाता, पूर्वीच्या लोकांचे हाल. पॅरिसमध्ये झावाल या नेत्रतज्ज्ञांकडे काम करणाऱ्या लामार यांनी पापणीला टेकवलेल्या बोथट सुईचे धक्के नळीतून कानाने ऐकून उड्या मोजल्या. एडमंड ह्यूई तर डोळ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची वाटी बसवून तिला काडी जोडायचा. १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी बुबुळावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचा फोटो घ्यायची पद्धत काढली तेव्हा कुठे डोळ्याला हात न लावता काम व्हायला लागलं. तेव्हा हनुवटी स्टँडवर टेकवून बसायचा कंटाळा आला की ह्यूईची वाटी आठवा.

पायरी २: नजर आणि लक्ष यांची फारकत करा

इथे नव्वद टक्के नवखे आपटतात (टक्केवारी माझ्या मनाची आहे, कुठे छापू नका). मशीन सांगतं नजर कुठे होती. लक्ष कुठे होतं ते मशीन सांगत नाही. ते तुम्हाला प्रयोगाच्या रचनेतून काढावं लागतं.

नजर न हलवता लक्ष हलवता येतं हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. १९८० मध्ये मायकेल पॉस्नरने ते सोप्या कामातून मोजून दाखवलं. मधल्या खुणेवर नजर ठेवायची, टार्गेट डावीकडे येणार की उजवीकडे याचा इशारा आधी मिळतो, टार्गेट दिसलं की बटण दाबायचं. इशारा बरोबर असला की लोक पटकन दाबतात, चुकीचा असला की उशीर होतो, आणि डोळे तर जागचे हललेलेही नसतात.

उलटही होतं. २०१३ मध्ये ड्र्यू, व्हो आणि वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या आणि शेवटच्या केसमध्ये गुपचूप एक गोरिला टाकला, गाठीच्या सरासरी आकारापेक्षा ४८ पट मोठा. २० जणांना तो दिसला नाही. आणि आय ट्रॅकरच्या रेकॉर्डनुसार त्या २० मधल्या १२ जणांची नजर थेट गोरिलाच्या जागेवर गेली होती. आता सांगा, "नजर गेली म्हणजे पाहिलं" असं पेपरात लिहाल का?

मग नजर मोजण्यात अर्थ काय, असं वाटेल. अर्थ आहे, कारण रोजच्या बघण्यात दोघं बहुतेक वेळा बरोबरच चालतात, आणि उडी मारायच्या आधी लक्ष त्या जागी पोचलेलं असतं. डॉयबल आणि श्नायडर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की डोळा अजून निघालेलाही नसतो तेव्हाच, जिथे तो उतरणार आहे तिथलं अक्षर लोकांना सगळ्यात चांगलं ओळखता येतं. म्हणजे लक्ष पुढे, डोळा मागे. वाचनात १९८० मध्ये जस्ट आणि कार्पेंटर यांनी मांडलेलं गृहीतक असं की डोळा ज्या शब्दावर आहे त्याच शब्दावर मन काम करत असतं, पण तेही अगदी शब्दशः घेऊ नका, पुढच्या शब्दाची थोडी तयारी कडेच्या नजरेने आधीच चालू असते आणि मागच्याचं थोडं काम पुढे सांडतं.

पायरी ३: प्रश्न एका वाक्यात

"लोक वेबसाइट कशी बघतात?" हा प्रश्न नाही, हा छंद आहे. प्रश्न असा हवा की उत्तर हो किंवा नाही येईल, आणि नाही आलं तर डेटात काय दिसेल तेही आधी सांगता येईल. उदाहरणार्थ, "वाक्यातला शब्द कमी वापरातला असेल तर त्यावरचं पहिलं फिक्सेशन लांबतं का?" यात काय बदलायचं ते आहे, काय मोजायचं ते आहे आणि दिशाही आहे.

प्रश्न सुचत नसेल तर यार्बुसची आठवण काढा. अल्फ्रेड यार्बुस या रशियन संशोधकाने रेपिन या चित्रकाराचं एक चित्र, घरात अचानक परतलेला माणूस आणि चमकून बघणारी माणसं, असं एकाच माणसाला परत परत दाखवलं, फक्त दर वेळी सूचना बदलली. एकदा नुसतं बघ म्हणाला, एकदा यांची वयं सांग, एकदा घरची सांपत्तिक स्थिती सांग, एकदा कपडे लक्षात ठेव. चित्र तेच, आणि नजरेचा मार्ग दर वेळी वेगळा, वयं विचारली की नजर चेहऱ्यांवरून हलेना. हा प्रयोग ज्यात आहे ते त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६७ मध्ये आलं, आणि आजही नवख्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि मस्त डिझाइन नाही: स्टिम्युलस (म्हणजे जे दाखवायचं ते) एकच ठेवा, काम बदला. असं केलं की "हा भाग जास्त चमकदार होता म्हणून बघितला असेल" ही शंका आपोआप गळते.

आता माप. वाचनासाठी नेहमीची चार म्हणजे पहिल्या फिक्सेशनचा वेळ. गेझ ड्यूरेशन, म्हणजे पहिल्या फेरीत शब्द सोडेपर्यंतच्या सगळ्या थांब्यांची बेरीज. गो-पास्ट, म्हणजे शब्द ओलांडून पुढे जाईपर्यंत लागलेला वेळ, मागे जाऊन आलेला वेळही त्यातच. आणि एकूण वेळ. चित्रांसाठी त्या भागावर पहिल्यांदा नजर जायला किती वेळ लागला आणि एकूण किती वेळ रेंगाळली. यातलं मुख्य माप कुठलं ते डेटा गोळा करायच्या आधी ठरवा आणि कुठेतरी तारखेसकट लिहून ठेवा, प्रीरजिस्ट्रेशन (हाच आराखडा आधीच जाहीर नोंदवणं) केलंत तर उत्तमच. चारही मापांवर टेस्ट चालवून जिथे परिणाम दिसला तेच छापलं तर खोटे निकाल हाती येण्याची शक्यता वाढते, फॉन डर मालस्बुर्ग आणि अँगेले यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलंय, तो पेपर वाचाच.

पायरी ४: स्टिम्युलस बनवणं

सगळं अंशात मोजायची सवय लावा, पिक्सेलमध्ये नको. सोपा हिशोब: डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर म्हणजे १ अंश. स्क्रीन ५३ सेंटिमीटर रुंद आणि १९२० पिक्सेलची असेल तर तिथे एका अंशात ३६ पिक्सेल बसतात. चांगलं कॅलिब्रेशन झालं तरी अर्ध्या अंशाची चूक धरावी लागते, म्हणजे १८ पिक्सेल इकडे नाहीतर तिकडे. आता तुम्ही दोन ओळींत ३० पिक्सेलचं अंतर ठेवलं असेल तर नजर वरच्या ओळीवर होती की खालच्या हे देवालाच माहीत. म्हणून वाचनाच्या प्रयोगात एका वेळी एकच ओळ दाखवा, निदान सुरुवातीला तरी.

दुसरा सापळा म्हणजे स्क्रीनचा मध्य. काहीही दाखवा, लोक मध्याकडे जास्त बघतात, टॅटलरने २००७ मध्ये दाखवलं की चित्रातल्या गोष्टी कडेला पसरलेल्या असल्या तरी हे होतंच. त्यामुळे महत्त्वाची वस्तू मधोमध ठेवून "बघा, सगळ्यांनी हिच्याकडेच बघितलं" असं म्हणू नका.

एओआय, म्हणजे ज्या भागावरची नजर मोजायची तो भाग, तुलना करायच्या दोन गोष्टींसाठी सारख्या आकाराचा हवा, मोठ्या चौकटीत नजर नुसत्या योगायोगानेही जास्त पडते. शब्दांची लांबी सारखी हवी. बाहुलीचा आकार मोजणार असाल तर दोन्ही प्रकारच्या चित्रांचा उजेड सारखा हवा, नाहीतर तुम्ही मनावरचा ताण नाही, स्क्रीनचा ब्राइटनेस मोजताय.

पायरी ५: मशीन निवडणं

बहुतेक मशीन इन्फ्रारेड उजेड डोळ्यावर टाकतात, बाहुलीचा मध्य आणि बुबुळावरचा चमकणारा ठिपका यांच्यातलं अंतर बघून नजरेची दिशा काढतात. विकत घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही, लॅबमध्ये जे असेल ते वापरायचं, पण त्याचा सॅम्पलिंग रेट, म्हणजे ते सेकंदाला किती वेळा डोळा बघतं, माहीत हवा. ६० हर्ट्झचं मशीन १६.७ मिलीसेकंदांनी एकदा डोळा बघतं, म्हणजे ३० मिलीसेकंदांच्या उडीत जेमतेम दोन सॅम्पल. त्यावर उडीचा वेग मोजायला जाऊ नका, पण "डाव्या चित्राकडे किती वेळ बघितलं" यासाठी ते भरपूर झालं. वाचन, मायक्रोसॅकेड (थांब्यातल्या अगदी बारीक उड्या), किंवा डोळा हलताक्षणी स्क्रीनवरचा शब्द बदलायचा असेल तर १००० हर्ट्झच्या घरातलं मशीन हवं. मॅककॉन्की आणि रेनर यांनी १९७५ मध्ये मूव्हिंग विंडो नावाची अशीच युक्ती वापरली, नजरेभोवतीची थोडी अक्षरं खरी ठेवायची आणि बाकीची बिघडवायची. अशाच प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचणारा डावीकडे ३-४ आणि उजवीकडे १४-१५ अक्षरांपर्यंतच काहीतरी उचलतो. हिब्रू वाचणाऱ्यांत ही बाजू उलटी होते.

वेबकॅमवर घरबसल्या होतं का? होतं, डावं-उजवं असे मोठे भाग असतील तर. शब्दाशब्दाचं वाचन त्यावर नको. प्रयोग लिहायला सायकोपाय किंवा ओपनसेसमी ही सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट.

पायरी ६: कॅलिब्रेशन

अख्ख्या प्रयोगाची पत इथे ठरते, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात.

समोरच्याला आधी आरामात बसवा. खुर्ची वरखाली करा, हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, आणि मग विचारा, "असं वीस मिनिटं बसता येईल ना?" भिडेखातर लोक हो म्हणतात, त्यांचे खांदे बघा, वर चढलेले असतील तर खुर्ची चुकलीय. मग सांगा, "ठिपका येईल तिकडे बघा, तो जाईपर्यंत तिथेच बघत राहा, पुढचा कुठे येईल याचा अंदाज बांधू नका." शेवटचं वाक्य विसरू नका. हुशार माणसं पाचव्या ठिपक्यापासून पुढच्या जागेवर आधीच उडी मारून बसतात आणि तुमचं कॅलिब्रेशन वाकडं होतं.

नऊ ठिपके झाले की व्हॅलिडेशन करा, म्हणजे तेच ठिपके परत दाखवून चूक किती येते ते बघा. सरासरी अर्ध्या अंशाच्या आत आणि कुठल्याही एका ठिपक्यावर १ अंशाच्या आत, हा माझा नियम. सरासरी चांगली पण वरचा उजवा कोपरा दीड अंशाने बाहेर, असं असेल तर परत करा, विशेषतः तुमचं टार्गेट त्या कोपऱ्यात येणार असेल तर.

नाहीच जमलं तर काय बघायचं? चष्म्यावर इन्फ्रारेडची चमक येत असेल तर मशीन किंवा हनुवटी थोडी खालीवर करा. मस्कारा असेल तर मशीन काळ्या पापण्यांनाच बाहुली समजून बसतं, तेव्हा आमंत्रणाच्या मेसेजमध्येच "डोळ्यांचा मेकअप नको" असं लिहा, आयत्या वेळी पुसायला सांगणं दोघांनाही अवघड जातं. पापण्या जड झाल्या असतील तर पाच मिनिटं ब्रेक द्या. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा लावा, उन्हातही इन्फ्रारेड असतं. मी एकदा अख्खी दुपार एका मुलीच्या नजरेला बोल लावत होतो, शेवटी कळलं की पडद्याला फट होती आणि ऊन सरकत सरकत नेमकं तिच्या गालावर आलं होतं. आणि तीन-चार प्रयत्नांनंतरही जमत नसेल तर आभार मानून सोडून द्या, तसं फॉर्मवर नोंदवा, त्या माणसाला आपलंच काही चुकलं असं वाटू देऊ नका.

मध्येमध्ये ड्रिफ्ट चेक (कॅलिब्रेशन सरकलं नाही ना, याची तपासणी) ठेवा, प्रत्येक ट्रायलआधी, म्हणजे दर वेळी नवं वाक्य किंवा चित्र दाखवायच्या आधी, एक ठिपका, नजर त्यावर पडली तरच पुढे.

पायरी ७: पायलट

म्हणजे खऱ्या प्रयोगाआधीची रंगीत तालीम. तीन-चार जणांवर करा, आणि फक्त चालवून थांबू नका, त्या डेटावर अ‍ॅनालिसिसही शेवटपर्यंत करून बघा, ग्राफसकट. कुठला ट्रायल कुठल्या कंडिशनचा होता हे फाइलमध्ये लिहिलंच गेलं नाही, चित्र नक्की कधी दिसलं याचा टाइमस्टॅम्पच नाही, असल्या चुका इथेच सापडतात, चाळीस जण झाल्यावर सापडल्या तर रडू येतं. संमतीपत्र आणि एथिक्सची परवानगी पायलटच्याही आधी हवी, ते काही नंतर बघू म्हणण्यातलं नाही.

पायरी ८: डेटा

मशीन देतं ते एक्स, वाय आणि वेळ. त्यातून फिक्सेशन आणि सॅकेड वेगळे करणं हे सॉफ्टवेअरचं मत असतं, तुमचं नव्हे. वेगाचा उंबरठा ठेवायचा, त्यावर असेल तर उडी आणि खाली असेल तर थांबा, ही एक पद्धत. काही वेळ नजर एवढ्याशा जागेत राहिली तर थांबा, ही दुसरी. वेगासाठी सेकंदाला ३० अंश हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. कुठलाही घ्या, पण कुठला घेतला ते माहीत असू द्या, कारण उंबरठा बदलला की फिक्सेशनची संख्या बदलते आणि लांबीही.

वाचनात साधारण ८० मिलीसेकंदांपेक्षा छोटे थांबे बाजूला काढतात किंवा शेजारच्यात मिसळतात, खूप लांबलेलेही वगळतात. हा नियमही आधीच ठरवा. पापणी मिटताना बाहुली अर्धवट झाकली जाते आणि नजर खाली घसरल्यासारखी दिसते, तेव्हा प्रत्येक मिटण्याच्या आधीमागचे थोडे सॅम्पल फेका.

विश्लेषणात माणसागणिक सरासरी काढून टी टेस्ट मारायचे दिवस गेले. काही माणसं मुळातच हळू वाचतात, काही वाक्यं मुळातच अवघड असतात, दोन्हीचा हिशोब एकत्र लागतो, म्हणून मिक्स्ड मॉडेल, आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं एलएमई४ (lme4) पॅकेज त्यासाठी नेहमीचं. वेळाचा डेटा उजवीकडे लांब शेपूट असलेला असतो, लॉग घेतला तर बरा बसतो. किती माणसं हवीत याला एकच उत्तर नाही, पण ब्रिसबार्ट आणि स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये रिअ‍ॅक्शन टाइमच्या प्रयोगांसाठी प्रत्येक कंडिशनला निदान १६०० निरीक्षणं सुचवलीत, म्हणजे ४० माणसं आणि प्रत्येकी ४० आयटम. दहाबारा जणांचे माझे हीटमॅप कुठे उभे होते ते यावरून कळेलच. हीटमॅप काढा की, प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर छान दिसतो, त्यावरून निष्कर्ष तेवढा काढू नका.

लिहायला बसाल तेव्हा मेथडमध्ये मशीनचं नाव, सॅम्पलिंग रेट, एक डोळा की दोन्ही, स्क्रीनपासूनचं अंतर, स्टिम्युलसचा आकार अंशात, व्हॅलिडेशनची सरासरी चूक, फिक्सेशन ओळखायची पद्धत, किती डेटा गाळला आणि का, हे सगळं द्या. हे आठवून लिहायचं म्हटलं तर निम्मं आठवत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून मशीनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक माणसापुढे व्हॅलिडेशनचा आकडा, चष्मा होता का, किती ब्रेक झाले, एवढं हाताने लिहा. आणि कच्ची फाइल त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा. माझी एक फाइल "टेस्ट" या नावाने सेव्ह झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी मीच तिच्यावर दुसरी "टेस्ट" चढवली.